गोष्ट संपली, दुकान उघडलं

२०११ सालच्या एप्रिलमध्ये जपानच्या टीव्ही टोकियो वाहिनीवर 'प्रिटी ऱ्हिदम: ऑरोरा ड्रीम' नावाचं कार्टून सुरू झालं. स्केटिंग करत, गात, नाचत कार्यक्रम करणाऱ्या मुलींची गोष्ट. त्यांचे झगे शिंप्याकडून येत नाहीत, तळहातात मावणाऱ्या हृदयाच्या आकाराच्या रंगीत खड्यांतून येतात. या खड्यांना म्हणायचं प्रिझम स्टोन. नवा खडा मिळाला की नवा पोशाख, नवा पोशाख मिळाला की नाचात नवी उडी. गोष्टीत नायिका जे खडे मिळवते तसलेच खडे जपानच्या दुकानांत विकायला होते. तिथल्या खेळयंत्रात शंभर येनचं नाणं टाकायचं, आपला खडा बसवायचा, की पडद्यावरची आपली बाहुली तो झगा घालून नाचायला लागते. खडे आणि यंत्र तकारा टोमी या खेळणी कंपनीचं. यंत्र २०१० साली बाजारात आलं, कार्टून त्याच्यामागून. थोडक्यात, खेळणं आधी होतं आणि त्याला गोष्ट मागाहून लिहून दिली.

यात नवल नाही, अशी कार्टुनं जगात ढिगानं आहेत. नवल आहे ते गोष्ट थांबल्यावर. या मालिकांमध्ये चित्रं संपत आणि पडद्यावर हाडामांसाच्या मुली येत. 'प्रिझ्मी' हा त्यांचा गट, एव्हेक्स या गाण्यांच्या बड्या कंपनीनं उभा केलेला. वयानं शाळकरी, पण नाच-गाण्यात तयार. त्या बघणाऱ्या मुलींशी मैत्रिणीसारख्या बोलायच्या, नाच करून दाखवायच्या, खेळ आणि खडे दाखवायच्या. त्यांचंच गाणं कार्टूनमध्येही वाजे. पुढच्या वर्षीच्या 'डिअर माय फ्युचर' या मालिकेत तर चार नायिकांना या खऱ्या मुलींचीच नावं दिली: मिया, रेइना, कारिन, आयामी. कार्टूनमधली मिया आणि खेळणं दाखवणारी मिया एकच. आता सात वर्षांच्या पोरीनं गोष्ट कुठं संपली आणि दुकान कुठं सुरू झालं हे कसं ओळखायचं?

जपानमध्ये अशा गाणाऱ्या तरुण मुला-मुलींना आयडॉल म्हणतात. आपल्याकडच्या नटनट्यांहून ही जात वेगळी. नट पडद्यावर दूर असतो आणि दूर असण्यातच त्याचा भाव असतो. आयडॉलचा धंदा जवळिकीवर चालतो. १९९७ मध्ये 'मॉर्निंग मुसुमे' हा गट आला, २००५ मध्ये 'एकेबी४८'. यातल्या दुसऱ्या गटानं तर चाहत्यांना गाण्याची तबकडी विकत घेतली की गायिकेशी हस्तांदोलन करायला मिळेल, अशी सोय केली. मुलगी अजून शिकते आहे, चुकते आहे, आपल्या डोळ्यांसमोर मोठी होते आहे, ही भावना विकायची असते. या एकेबी४८चं मुंबईतलं भावंड 'मम४८' नावानं काढण्याची घोषणाही २०१७ साली झाली होती. जकार्ता आणि बँकॉकला असे गट जोमानं चालले, मुंबईत मात्र ते बीज काही रुजलं नाही.

लहान मुलांच्या कार्टूनला आयडॉल जोडण्याची रीत 'प्रिटी ऱ्हिदम'च्या आधीची. २००६ साली टीव्ही टोकियोवरच 'किरारिन रेव्होल्यूशन' सुरू झालं. आयडॉल होऊ पाहणाऱ्या किरारी नावाच्या मुलीची कथा. किरारीचा आवाज होता मॉर्निंग मुसुमेतल्या कोहारू कुसुमीचा, तेव्हा वय अवघं तेरा. ती किरारीच्या नावानं गाणी गायची आणि त्या गाण्यांच्या तबकड्या खऱ्या दुकानांत खपायच्या. एकाच पोरीच्या तोंडून कार्टून बोलतं, गाणं विकलं जातं आणि मासिकातली चित्रकथाही खपते. यात सगळ्यांचाच फायदा. खेळणीवाल्याला ओळखीचा चेहरा मिळतो, गाणीवाल्याला पुढच्या दहा वर्षांचे श्रोते मिळतात, वाहिनीला दोघांकडून पैसे.

असं का झालं हे समजायला १९६३ सालात जावं लागतं. त्या वर्षी १ जानेवारीला ओसामु तेझुका यांचं 'ॲस्ट्रो बॉय' फुजी टीव्हीवर आलं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं कार्टून काढणं अफाट खर्चाचं काम. तेझुकांनी ते वाहिनीला खर्चाहून कमी भावात विकलं. तूट भरून निघाली चॉकलेटवाल्याकडून आणि चित्राच्या हक्कांतून. प्रायोजक होती मेइजी कंपनी. तिनं आपल्या मार्बल चॉकलेटबरोबर ॲस्ट्रो बॉयची चिकटचित्रं दिली आणि पोरं त्यावर तुटून पडली. तेव्हापासून जपानी कार्टूनचा हिशेब उलटा लागतो. कार्यक्रम तोट्यात, वस्तू नफ्यात. १९७४ साली पोपी कंपनीनं 'माझिंगर झेड' या यंत्रमानवाची धातूची जड बाहुली काढली, ती 'चोगोकिन' नावानं गाजली. १९७९ सालच्या 'गंडाम'ची गंमत याच्या उलट. आज त्याच्याकडे अभिजात म्हणून बघतात. पण त्या वेळी प्रायोजक असलेल्या क्लोव्हर कंपनीची खेळणी खपली नाहीत, तेव्हा ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळली. लेखकाची कथा कुठं संपावी हे खेळण्यांच्या गोदामातल्या शिलकीनं ठरवलं.

म्हणून मला प्रिझ्मीच्या त्या मुलींचा फारसा राग येत नाही. त्या जे करत ते उघड करत. जपानी कार्यक्रमात प्रायोजकांची नावं पडद्यावर लिहून येतात, वाचूनही दाखवतात. कोण पैसे देतंय हे झाकलेलं नसतं. आमच्या आठवडी बाजारात पूर्वी जडीबुटीवाला यायचा. टोपलीत साप, बाजूला खुंटीला मुंगूस. आता लढाई लावतो, आता लावतो म्हणत तो गर्दी जमवायचा आणि मधल्या वेळात गुडघ्याच्या तेलाच्या बाटल्या खपवायचा. लढाई कधीच लागायची नाही, पण तो तेल विकायला आलाय हे गर्दीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असायचं. कार्टूनची मांडणीही तशीच आहे: पुढच्या भागाची झलक अगदी शेवटी असते, त्यामुळे मूल मधला मजकूर सोडून उठत नाही.

मोठ्या माणसाला ठाऊक असायचं, हे म्हणणं मात्र महत्त्वाचं. त्याच्याकडे पुढे येतोच.

आता ही कार्टुनं आमच्या गावी, चांदूर रेल्वेला, कशी पोचली ते. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, एक बाजाराचं आणि एक रेल्वेचं. आमचं रेल्वेचं. मुंबई-हावडा मार्गावर बडनेऱ्याच्या पुढचं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६७ साली नागपूरला पोचले ते वऱ्हाडातला कापूस मुंबईला न्यायला, आणि त्याच रुळांवरून मुंबईचा माल इकडं येऊ लागला. प्रिझम स्टोन मात्र त्या वाटेनं इथं आले नाहीत. आलं ते बेब्लेड.

बेब्लेडचा जन्मही तकारा कंपनीचाच, १९९९ सालचा. (तकारा आणि टोमी या दोन कंपन्या २००६ मध्ये एक झाल्या.) जपानी पोरं पूर्वी बेइगोमा नावाचे छोटे लोखंडी भोवरे दोरीनं फिरवून एकमेकांवर आपटायची. तकारानं त्याला प्लॅस्टिकचे सुटे भाग, आत वजनाची चकती आणि दातेरी पट्टी ओढून सोडायचा लाँचर दिला. ताकाओ आओकी यांची चित्रकथा 'कोरोकोरो' मासिकात सुरू झाली आणि २००१ साली टीव्ही टोकियोवर कार्टून आलं. सगळा डाव प्रिटी ऱ्हिदमसारखाच: वस्तू, मासिक, पडदा, दुकान.

पण आपल्याकडं कार्टून थेट जपानहून आलं नाही. ते आधी कॅनडातल्या नेल्व्हाना कंपनीकडून इंग्रजीत आलं. नायक ताकाओ किनोमिया तिथं टायसन झाला. तिकडचं गाणं गेलं, नवं गाणं लागलं. आणि मग ते कार्टून नेटवर्कवरून हिंदीत बोलत वऱ्हाडात उतरलं. म्हणून चांदूरच्या पोरांना ताकाओ कोण ते माहीत नव्हतं, पण टायसनचा ड्रॅगून, कायचा ड्रँझर, रेचा ड्रायगर आणि मॅक्सचा ड्रेसियल तोंडपाठ असायचा. 'थ्री, टू, वन, लेट इट रिप' हे इंग्रजीतलं पहिलं पूर्ण वाक्य शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. ती शाळेच्या इंग्रजीत नापास असत, पण हे वाक्य न अडखळता म्हणत.

या प्रवासात कार्टूनचा दुकानी भाग गळून पडतो, आणि त्यामागं कायदा आहे. अमेरिकेत १९६९ साली मॅटेल कंपनीच्या 'हॉट व्हील्स' मोटारींवरच एक कार्टून निघालं. प्रतिस्पर्धी खेळणीवाल्यानं तक्रार केली की हा कार्यक्रम म्हणजेच अर्ध्या तासाची जाहिरात आहे. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संघीय आयोगानं ती तक्रार मनावर घेतली. १९७४ साली आयोगानं आणखी एक रेघ ओढली: कार्यक्रमातल्या पात्रानं किंवा सूत्रधारानं त्याच कार्यक्रमात मुलांना काही विकायचं नाही. १९८४ साली सरकारनं बंधनं सैल केली, त्याच्या आगेमागे 'ही-मॅन'सारख्या खेळण्यांवरच्या मालिकांची रांग लागली. मग १९९० च्या कायद्यानं पुन्हा वेसण घातली: मुलांच्या कार्यक्रमात जाहिराती शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा, आणि ज्या खेळण्यावर कार्टून आहे त्याच खेळण्याची जाहिरात त्या कार्टूनमध्ये आली, तर अख्खा कार्यक्रम जाहिरात म्हणून मोजायचा. स्वीडननं १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरातच करायची नाही असं ठरवलं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानं ते त्याही आधी, १९८० मध्ये, तेरा वर्षांखालच्यांसाठी केलं.

प्रिझ्मीचा शेवटचा तुकडा अमेरिकेत चाललाच नसता. म्हणून परदेशात विकताना जपानी कार्टूनची अशी बांडगुळं छाटली जातात, आणि अमेरिका-कॅनडातून फिरून आलेली कार्टुनं आपल्यापर्यंत छाटूनच आली.

छाटलेल्या कार्टूननं वऱ्हाडात काय केलं ते बघण्यासारखं आहे. कार्टूनवाल्यांनी मागणी तयार केली, पण ती पुरी करायला इथं कोणी नव्हतं. भारतात हॅसब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीच्या परवान्यानं बेब्लेड आणणारी फनस्कूल ही १९८७ सालची कंपनी, तिचा एक कारखाना गोव्यात. तिचा खरा, डब्यातला माल नागपूरच्या, अमरावतीच्या मोठ्या दुकानांत मिळायचा आणि भाव ऐकून बाप दोन पावलं मागं सरायचा. मग ती पोकळी भरली नकलांनी. इतवारा बाजारातल्या ठोक दुकानांतून आलेले चिनी बेब्लेड आठवडी बाजारात, नवरात्रात अमरावतीच्या अंबादेवीच्या यात्रेत, गाडीतल्या फेरीवाल्याच्या दोरीला लटकलेले असत. खऱ्या मालाच्या मानानं अगदी थोडक्या किमतीत. वजनाची चकती पातळ, नाव भलतंच, चित्र टायसनचं. तकारानं गोष्टीवर खर्च केला, हॅसब्रोनं परवाना घेतला, आणि गिऱ्हाईक नेलं ज्यानं छदाम खर्चला नाही त्यानं. जाहिरातीचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा प्रकार बहुधा लाजिरवाणा वाटत असावा. मला तो भारी मजेचा वाटतो.

त्यात आमच्याकडचं भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षं वऱ्हाडातल्या गावांत वीज दिवसातून तासन् तास नसायची. कार्टूनची वेळ आणि वीज जाण्याची वेळ एक झाली की टायसनची लढत अर्ध्यावर राहायची. राहिलेली लढत पोरं ओट्यावर पूर्ण करायची. जाहिरात अशी तुटक पोचली, तरी पुरेशी झाली.

घरोघरी होणारा संवाद साधारण असा.

"आबा, मले ड्रॅगूनच पायजे."

"भवरा हाय ना घरात. त्याले काय झालं?"

"भवऱ्यात ड्रॅगन नाई निंगत."

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. कार्टूनमध्ये भोवरा फिरला की त्यातून अजगरासारखा तेजस्वी प्राणी वर उठतो. विकत आणलेल्यातून तो उठत नाही, हे पहिल्या संध्याकाळी कळतं. तरी आबांचा भोवरा आणि नातवाचा बेब्लेड यांची तुलना करून पाहिली तर यंत्रशास्त्र दोघांचं एकच निघतं. फिरणाऱ्या वस्तूचं वजन मध्यापासून जितकं लांब, कडेला, तितकी ती फिरत राहायला हट्टी. म्हणून बेब्लेडमध्ये धातूची चकती. लाकडी भोवऱ्याचं पोट फुगीर ठेवतात त्यामागंही हेच. खालची आर अणकुचीदार असेल तर भोवरा एका जागी झोपल्यासारखा फिरतो, आर बोथट आणि रुंद असेल तर तो जमिनीला पकडतो, वेडावाकडा धावतो आणि दुसऱ्याला जाऊन भिडतो. बेब्लेडवाल्यांनी याच गोष्टीला स्टॅमिना आणि अटॅक अशी नावं देऊन दोन वेगळी खेळणी विकली. आमच्याकडं लोहाराकडून आर बदलून आणायचे.

एक बारकावा मात्र भोवऱ्याच्या खेळात नसतो. दोन भोवरे एकाच दिशेनं फिरत असतील तर भिडताना त्यांच्या कडा विरुद्ध दिशांनी घासतात, जोराचा दणका बसतो आणि दोघेही उडतात. दिशा उलट असेल तर कडा एकाच बाजूला पळतात, दातेरी चाकांसारख्या; दणका कमी आणि एकाचा वेग दुसऱ्याकडं जातो. टायसनचा ड्रॅगून डावीकडं फिरणारा म्हणून प्रसिद्ध झाला त्यामागं ही युक्ती आहे. खेळणी बनवणाऱ्यांनी हे भौतिकशास्त्र पोरांच्या हातात दिलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हरकत नाही. आभार मानायचे आणि बिलही वाचायचं.

जपानी आयडॉल ज्या जागी उभी राहते त्या जागी आपल्याकडं कोण उभं राहिलं? माझ्या मते शक्तिमान. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर आला, मार्च २००५ पर्यंत राहिला. केबलचं कनेक्शन नसलेल्या घरातही पोचला, हे त्याचं बळ. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना हे आधी 'महाभारता'तले भीष्म, म्हणजे आजोबांच्या पिढीलाही ओळखीचे. भाग संपला की शक्तिमान गोष्टीतून बाहेर पडायचा, थेट मुलांशी बोलायचा. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' असं त्या तुकड्याचं नाव. वडीलधाऱ्यांशी नीट वागा, कचरा टाकू नका, अभ्यास करा. चुकलेलं मूल 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं.

आई-बाप खूश. टीव्हीनं संस्कार करायला घेतले, आणखी काय पाहिजे! पण घडण नीट पाहिली तर ती प्रिझ्मीचीच आहे. नायक कथेच्या चौकटीतून बाहेर येतो, डोळ्यांत डोळे घालून मुलाला सांगतो काय करायचं, आणि मूल ऐकतं. इथं खडे विकायचे नव्हते. मात्र पार्ले-जी बिस्किटानं या मालिकेला प्रायोजकत्व दिलं होतं, आणि मुलांच्या मनात शक्तिमान आणि तो पिवळा पुडा एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. लाल-सोनेरी पोशाख गावच्या कापड दुकानात टांगलेला असायचा. हात धुवा म्हणणारा आणि बिस्किटाच्या पुड्याशेजारी दिसणारा एकच असेल, तर मुलाच्या लेखी दोन्हीत आज्ञा सारखीच.

ही आज्ञा किती खोल जाते याचे वाईट अनुभवही त्या काळात आले. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावर बेतणारे प्रकार केल्याच्या बातम्या छापून आल्या, वादही झाला, आणि मालिकेतून मुलांना सांगावं लागलं की असलं काही करू नका, हा खेळ आहे. सगळ्या बातम्यांची शहानिशा झाली होती असं नाही. तरी ज्या पात्राच्या तोंडून मुलं सगळं ऐकत होती, त्याच पात्राला आपण खरे नाही असं सांगायला लावावं लागलं, यात सगळं आलं.

मघाशी सोडलेला धागा इथं येतो. बाजारातल्या तेलवाल्याचा हेतू मोठ्यांना कळतो. मुलांना तो कधी कळतो? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या तज्ज्ञगटानं २००४ साली उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं की साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू उमगत नाही. कार्यक्रम आणि जाहिरात वेगळी आहे एवढं चार-पाच वर्षांच्या मुलाला ओळखता येतं, कारण जाहिरात छोटी असते, आवाज मोठा असतो. पण समोरचा माणूस माझ्याकडून काही काढून घ्यायला हे बोलतोय, हे पुढचं पाऊल उशिरा पडतं. जिथं सांगणारा आधीच मित्र झालेला असतो तिथं ते आणखी उशिरा पडतं. म्हणजे प्रिझ्मीचा उघडेपणा मी वर वाखाणला, तो प्रेक्षकांतल्या आईसाठी उघडा आहे. शेजारी बसलेल्या पोरीला मिया दुकानदार वाटत नाही, ताई वाटते.

तरीही मी उघड दुकानाच्या बाजूनं आहे. आई शेजारी बसलेली असेल तर ती म्हणू शकते, बाई, ही जाहिरात आहे. पार्ले-जीच्या बाबतीत असं म्हणायला जागाच नव्हती, कारण म्हणायचं कशाला, तेच बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

भारतातल्या नियमांत ही अडचण अर्धवट ओळखलेली दिसते. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत म्हटलंय की जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. पण अख्खा कार्यक्रमच खेळण्यावर बेतलेला असेल तर काय, याला अमेरिकेसारखं थेट उत्तर त्यात नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुढं गेला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीबरोबर चेहरा देणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाख. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांसाठी वेगळा भाग आहे: वस्तूच्या गुणांची अशी अतिशयोक्ती नको की मुलांच्या अपेक्षा भलत्याच वाढतील. ड्रॅगन निघत नाही म्हणणाऱ्या नातवाची तक्रार आता या कलमात बसू शकते, असं मला उगाच वाटून जातं.

खेळण्यांच्या बाजूनं मोठा बदल त्याआधीच झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. चिनी नकलांचा तो लोंढा आटला. अलीकडं बाजारात दिसणारे बेब्लेड बरेचसे देशी साच्यातले असतात. टायसनला आता कोणी ओळखत नाही, नावं नवी आहेत, पण लाँचर तोच.

आणि आयडॉल? ती टीव्हीवरून मोबाइलवर गेली. २०१५ साली अमेरिकेत रायन नावाच्या लहानग्याच्या आईवडिलांनी त्याचे खेळणी उघडून दाखवणारे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. २०१८ साली 'फोर्ब्स'च्या यादीत यूट्यूबवर सर्वांत जास्त कमावणारा तो होता, वर्षाला २ कोटी २० लाख डॉलर. इथं सूत्रधार, नायक आणि गिऱ्हाईक एकच पोरगं. प्रिझ्मीच्या मुलींना निदान तालीम होती, प्रायोजकाची पाटी होती, वाहिनीला नियम होते. रायनच्या वाहिनीवर पैसे घेऊन केलेले व्हिडिओ नीट सांगितले जात नाहीत अशी तक्रार २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडं गेली. त्याच वर्षी मुलांची माहिती पालकांच्या परवानगीविना गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्याकडं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं मुलांचा माग काढून त्यांना नेमकी जाहिरात दाखवायला मनाई केली आहे, आणि त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. कागदावर हा नियम जगातल्या कडक नियमांत मोडेल. चांदूरच्या ओट्यावर बापाच्या नावाचा मोबाइल हातात घेऊन बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचं वय मोबाइलला कसं कळणार, हा त्यातला खरा पेच. मोबाइलच्या लेखी तो चौतीस वर्षांचा, ट्रॅक्टरचे सुटे भाग शोधणारा गृहस्थ आहे.

जाता जाता आपल्या अंगणातलं. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूर-वर्ध्याकडं त्याचा जोर अधिक, आमच्या बाजूलाही तो आहे. पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, लोक बोजारा म्हणून पैसे घालतात. मुलांच्या खेळण्याचा एवढा मोठा सण क्वचितच कुठं असेल, आणि तो कुठल्या खेळणी कंपनीनं सुरू केला नाही. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात तो सुरू झाला असं सांगतात. सुताराला त्यासाठी कार्टून काढावं लागलं नाही. पण गेल्या काही वर्षांत तान्ह्या पोळ्याला नंदी सजावटीच्या स्पर्धा होतात, सायकली बक्षीस ठेवतात. मंडपाच्या मागं मोठा फलक असतो. त्यावर नंदी कोपऱ्यात, आणि मध्ये हात जोडून उभे असलेले स्थानिक नेते, आजूबाजूला सराफाची आणि कृषी केंद्राची नावं. बक्षीस देताना नेते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघतात आणि दोन शब्द सांगतात: चांगला अभ्यास करा. मुलाला मतदान करायला अजून दहा-बारा वर्षं आहेत. आई-बाप मात्र समोरच बसलेले असतात.